वावडे कशाचे आणि चाचणी कशाची?

दूध बाधते, असे सांगणारा माणूस कोल्हापुरात काहीसा ओशाळूनच बोलतो. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हैस उभी करून गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ दुधाचा पेला तसाच त्याच्या हाती द्यायचा, ही ज्या गावाची पिढ्यान् पिढ्यांची रीत. तालमीतल्या पोराचा खुराक जिथे दुधाच्या मापानेच सांगितला जातो. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाने जिथल्या खेड्यापाड्यांतील संसारांना हात दिला. त्या गावात दूध न सोसणे ही केवळ प्रकृतीची बाब राहत नाही. तो जणू पुरुषार्थातील उणेपणा ठरतो. साहजिकच माणूस आपले दुखणे चारचौघांत बोलत नाही. पोटात गुबारा धरतो, सकाळी दोन-तीनदा जावे लागते, कचेरीत खुर्चीवर बसवत नाही. आणि दवाखान्यात गेल्यास दोन मिनिटांत आम्लपित्ताच्या गोळ्या हाती पडतात.

या कोंडीत सापडलेल्या माणसाला आज एक नवा मार्ग दाखविला जातो. तो म्हणजे ‘फूड सेन्सिटिव्हिटी टेस्ट’, अर्थात अन्नसंवेदनशीलतेची चाचणी. रक्ताचा लहानसा नमुना द्यावा, काही हजार रुपये मोजावेत आणि थोड्या दिवसांनी शंभर-दोनशे पदार्थांची रंगीत यादी घरी यावी, असा हा व्यवहार आहे. तांबड्या रकान्यातील पदार्थ वर्ज्य, पिवळ्यातील बेताने आणि हिरव्यातील खुशाल खावेत, असे तीत सांगितलेले असते. छापील कागद, दशांश चिन्हासह आकडे, प्रयोगशाळेचा शिक्का. एवढे पाहिल्यावर शिक्षकाच्या किंवा लिपिकाच्या घरात त्या यादीला धर्मशास्त्राचे मोल न आले तरच नवल. दुसऱ्या दिवसापासून दूध बंद, गहू बंद, शेंगदाण्याचे कूट बंद. पुष्कळदा मुलाचाही पेला बंद होतो, कारण ‘आपल्या घराण्यातच हे आहे’ असा निष्कर्ष काढायला आजी तयारच असते.

या चाचणीत नेमके काय मोजले जाते, हा प्रश्न मात्र पैसे भरण्यापूर्वी क्वचितच कोणी विचारतो.

तो समजण्यासाठी आधी एक भेद ध्यानात घ्यावा लागतो, आणि मराठी बोलीत तो पूर्वीपासून आहे. कोळंबी खाल्ल्यावर कोणाच्या अंगावर गांध्या उठतात. दूध प्यायल्यावर कोणाचे पोट बिघडते, म्हणजे ते त्याला ‘बाधते’. पहिल्याला वावडे म्हणावे आणि दुसऱ्याला न पचणे म्हणावे, हे घरातल्या जाणत्या बाईला कोणी शिकवावे लागत नाही. वैद्यकशास्त्रही हाच भेद करते. वावडे हा शरीराच्या संरक्षक यंत्रणेचा प्रमाद होय. न पचणे ही आतड्यातील पाचक रसांची किंवा तेथे वस्तीला असलेल्या जंतूंची गोष्ट होय. नव्या चाचण्यांच्या जाहिरातींनी हे दोन्ही ‘संवेदनशीलता’ या एकाच गुळगुळीत शब्दाखाली कोंबले. घोटाळ्याचे मूळ तिथेच आहे.

खऱ्या वावड्याचा इतिहास मनोरंजक आहे. जर्मनीतील हाइन्झ क्यूस्टनर या डॉक्टरांना मासा खाल्ला की त्रास होई. त्यांचे सहकारी कार्ल प्राउसनिट्झ यांनी १९२१ साली क्यूस्टनर यांच्या रक्तातील रस स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासा सुखाने पचविणाऱ्या प्राउसनिट्झ यांच्या त्या जागेवरही गांध उठली. वावडे रक्तातील कोणत्यातरी द्रव्यात असते, हे त्यावरून ठरले. ते द्रव्य कोणते, हे कळण्यास पुढे ४५ वर्षे जावी लागली. १९६६ साली अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने आणि पाठोपाठ स्वीडनमधील संशोधकांनी ते प्रतिपिंड ओळखले. त्याला ‘आयजीई’ म्हणतात. या प्रतिपिंडामुळे होणारा त्रास बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसतो. ओठ सुजतात, अंगावर पित्त उठते, श्वास कोंडतो आणि प्रसंगी जीवावर बेतते. कातडीवर टोचून किंवा रक्तातील आयजीई मोजून याचा माग काढता येतो. त्या परीक्षांना निश्चित स्थान आहे. त्यांचे निष्कर्षही रोग्याच्या हकिकतीशी ताडूनच वाचावे लागतात, हे मात्र विसरता कामा नये.

जाहिरातीतील चाचणी ही नव्हे. तीत बहुधा ‘आयजीजी’ नावाचे, त्यातही पुष्कळदा त्याच्या चौथ्या उपप्रकाराचे, म्हणजे आयजीजी-४ चे प्रतिपिंड मोजले जातात. नावात एका अक्षराचा फरक, पण गुणधर्म जवळजवळ उलटे. मधमाश्या पाळणाऱ्यांना वर्षानुवर्षे डंख बसतात. त्यांच्या रक्तात माशीच्या विषाविरुद्धचे आयजीजी-४ भरपूर आढळतात आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, त्यांना डंखाचा फारसा त्रास होत नाही. वावडे घालविण्यासाठी वाढत्या मात्रेची टोचणी देतात तेव्हाही हेच प्रतिपिंड वाढतात. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही मुलांना लहानपणापासून शेंगदाणा खाऊ घातला व काहींना त्यापासून दूर ठेवले. ज्या मुलांची सुरुवातीची त्वचा-परीक्षा निर्दोष होती, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयाला दूर ठेवलेल्यांपैकी शंभरात जवळजवळ चौदांना शेंगदाण्याचे वावडे जडले. खाणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात दोनांहूनही कमी राहिले. आणि आयजीजी-४ कोणाच्या रक्तात वाढले? शेंगदाणा सुखाने खाणाऱ्यांच्या.

यावरून निघणारा अर्थ स्पष्ट आहे. निरोगी माणसाच्या रक्तातील आयजीजी ही त्याच्या ताटाची नोंदवही असते. जे नित्य पोटात जाते त्याची ओळख शरीर ठेवते. आयुर्वेदात ‘ओकसात्म्य’ अशी संज्ञा आहे. सवयीने जे अंगवळणी पडले व मानवले ते ओकसात्म्य. प्राचीन वैद्यांना प्रतिपिंडे ठाऊक नव्हती, आणि आधुनिक शोध ‘आपल्या ग्रंथांत होतेच’ असे म्हणण्याचाही येथे हेतू नाही. परंतु आयजीजी-४ चे वर्णन करण्यास इतका नेमका शब्द दुसरा सापडणे कठीण. कोल्हापूरच्या माणसाच्या यादीत दूध, गहू, शेंगदाणा, तीळ हे तांबड्या रकान्यात उतरले, तर त्याचा सरळ अर्थ तो कोल्हापूरचे अन्न खातो एवढाच असू शकतो. ज्या परदेशी फळाचे त्याने नावही ऐकलेले नाही ते हिरव्या रकान्यात विराजमान झालेले असते, यातही मग आश्चर्य उरत नाही. ओळखीच्यांची यादी शत्रूंची यादी म्हणून विकली जाते, आणि तीही ओळखीच्याच पैशाने.

युरोपातील वावडे-तज्ज्ञांच्या संस्थेने २००८ साली, अमेरिकेतील संस्थेने २०१० साली आणि कॅनडातील संस्थेने २०१२ साली, अन्नाची बाधा ओळखण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे स्पष्ट सांगितले. तरीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे. मँचेस्टर येथे १५० रुग्णांवर केलेला प्रयोग २००४ साली प्रसिद्ध झाला. ज्याला डॉक्टर ‘आयबीएस’ म्हणतात त्या आतड्यांच्या क्षोभविकाराचे हे रुग्ण होते. निम्म्यांना चाचणीप्रमाणे खरी वर्ज्य-यादी दिली, निम्म्यांना खोटी. खऱ्या यादीवाल्यांना थोडा अधिक आराम पडला. पण त्यांच्या याद्यांत दूध व गहू हे मुळातच पोट फुगविणारे पदार्थ जास्त होते, त्यामुळे श्रेय चाचणीचे की त्या पदार्थांच्या त्यागाचे, हा वाद मिटला नाही. २०२५ साली अमेरिकेतील अनेक केंद्रांत २३८ रुग्णांवर झालेला प्रयोग अधिक काटेकोर होता. त्यात निवडक १८ पदार्थांचीच चाचणी केली गेली. खऱ्या यादीने शंभरातील सुमारे साठांची पोटदुखी कमी झाली, तर खोट्या यादीने सुमारे बेचाळिसांची.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात. डॉक्टरांनी नीट निदान केलेल्या रुग्णांच्या मर्यादित वर्गात या मार्गाने काही हाती लागण्याचा संभव आहे, आणि त्याचे संशोधन थांबू नये. पण दोनशे पदार्थांची सरसकट यादी विकण्याला त्यातून आधार मिळत नाही. आणि खोटी यादी हाती दिलेल्यांपैकीही शंभरात बेचाळिसांना बरे वाटले, हा आकडा विसरण्याजोगा नाही. पोटाची दुखणी मुळात चढ-उताराची असतात. माणूस चाचणीला जातो तो त्रास शिगेला पोचल्यावर, तेव्हा पुढचे पंधरा दिवस बरे जाण्याचाच संभव अधिक. शिवाय यादी हाती आली की बाहेरचा वडापाव, बेकरीचे पदार्थ आणि रात्री अकराचे जेवणही आपोआप सुटते. ‘मला गुण आला’ हा अनुभव खोटा नसतो. त्याचे कारण मात्र यादीत असतेच असे नाही.

मग दूध ज्याला खरोखरच बाधते, त्याने काय करावे? येथे मात्र शास्त्र पुरेसे स्पष्ट बोलते. दुधात लॅक्टोज ही शर्करा असते. ती फोडण्यासाठी लहान आतड्याच्या अस्तरात लॅक्टेज नावाचे पाचक द्रव्य असते. तान्हेपणी ते मुबलक असते आणि स्तनपान सुटल्यानंतरच्या वर्षांत जगातील बहुसंख्य माणसांत ते ओसरत जाते. म्हणजे मोठेपणी दूध न पचणे हा मानवजातीचा सर्वसाधारण नियम होय, आणि पचणे हा अपवाद. युरोपात, तसेच भारताच्या वायव्य भागात हा अपवाद पुष्कळांत दिसतो, आणि दोन्हीकडे त्याचे कारण असलेला आनुवंशिक बदल एकच आहे, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. वायव्येकडून आग्नेयेकडे जावे तसे त्याचे प्रमाण घटते. मुंबईत डॉ. एच. जी. देसाई, डॉ. एफ. पी. अँटिया प्रभृतींनी या लॅक्टेजच्या उणिवेचा अभ्यास १९७० च्या सुमारासच केला होता. तेव्हा हा विषय आपल्याकडे काल-परवा आलेला नव्हे. तेव्हा कट्ट्यावर उभ्या असलेल्या दहा माणसांत दूध पुरते न पचविणारे अनेक असणार, हे उघड आहे. त्यांच्या पुरुषार्थाशी त्याचा काडीचाही संबंध नाही.

तरीही त्यांपैकी सर्वांनाच त्रास होत नाही, आणि खरा उपयोगी भाग हाच आहे. न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यात जाते, तेथील जंतू ती आंबवितात, वायू होतो, पाणी सुटते. किती शर्करा गेली यावर सर्व अवलंबून. साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे सुमारे एक पेलाभर दूध, हे लॅक्टेज कमी असलेल्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी सोसते. जेवणासोबत घेतल्यास अधिकच सोसते. अनशापोटी अर्धा लिटर प्याल्यास सुमारे २५ ग्रॅम लॅक्टोज एकदम आतड्यात उतरते, मग पोट कुरकुरणारच. दह्यातील जंतू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात आणि उरलेला पचविण्यास मदतही करतात, म्हणून दूध बाधणाऱ्याला दही-ताक चालते. रोज थोडे दूध घेणाऱ्याच्या मोठ्या आतड्यातील जंतुसृष्टीही हळूहळू जुळवून घेते. तालमीतील मल्लाला जे पचते ते वर्षाकाठी एकदा कट्ट्यावर जाणाऱ्या पाहुण्याला का पचत नाही, याचे एक उत्तर त्यात आहे. दुसरे उत्तर कमी रुचकर आहे. न तापविलेल्या धारोष्ण दुधातून जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि अशा दुधानंतर लागलेली ढाळ नेहमीच लॅक्टोजची नसते.

निदान करायचेच तर उच्छ्वासातील हायड्रोजन मोजण्याची परीक्षा आहे. आंबण्यातून होणारा हा वायू रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो, एवढे साधे तिचे तत्त्व. ती उपलब्ध नसल्यास दोन आठवडे दूध सोडावे, मग मोजून एक पेला घ्यावा आणि काय होते ते लिहून ठेवावे. याला वही-पेन्सिलीपलीकडे खर्च नाही.

गव्हाची गोष्ट अधिक नाजूक आहे. सिलिॲक नावाच्या विकारात गव्हातील ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटते. मूल खुरटते, रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात. नेदरलँडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाविषयी शंका आधीच होती. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात गहू दुर्मीळ झाला तेव्हा अशी मुले सुधारली, पाव परत येताच पुन्हा खंगली. ते निरीक्षण त्यांच्या विचाराला बळ देऊन गेले आणि १९५० साली त्यांचा प्रबंध सिद्ध झाला. भारतात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विकाराचे प्रमाण उत्तरेत शंभरात एकाहून थोडे अधिक, तर दक्षिणेत हजारात एक एवढेच आढळले. त्याची विश्वसनीय रक्तपरीक्षा आहे. परंतु ती गहू खात असतानाच करावी लागते. रंगीत यादी पाहून आधीच पोळी सोडणारा माणूस त्या परीक्षेचा पायाच काढून घेतो, आणि मग खरा विकार असला तरी सापडत नाही. या याद्यांनी होणारे हे सर्वांत अदृश्य नुकसान होय.

बऱ्याच जणांना पोळीने जे होते ते ग्लूटेनमुळे होतच नाही. ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठात पीटर गिब्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबणाऱ्या शर्करांचा शोध २००० नंतरच्या दशकात पुढे नेला. ऑस्लो येथे ५९ जणांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, ग्लूटेन बाधते असे समजणाऱ्यांना फ्रुक्टान या शर्करेने ग्लूटेनपेक्षा अधिक त्रास झाला. फ्रुक्टान गव्हात असते, आणि त्याहून ठळकपणे कांद्यात व लसणीत! कोल्हापूरच्या स्वयंपाकघरात याचा अर्थ निराळा सांगायला नको. कांदा-लसूण चटणीच्या बरणीवाचून येथे आमटीही होत नाही. तांबड्या रश्श्याचे तर बोलायलाच नको. त्रास झाला की दोष मिरचीच्या माथी मारला जातो. मिरचीने आतड्यातील तिखट ओळखणाऱ्या चेतातंतूंना आग होते हे खरे. पण जेवणानंतर चार तासांनी फुगणाऱ्या पोटाची चौकशी चटणीतल्या कांद्या-लसणीकडे नेणे अधिक शहाणपणाचे. फ्रुक्टान पाण्यात उतरते, तेलात उतरत नाही. त्यामुळे अख्ख्या पाकळ्या फोडणीत तळून काढून टाकल्या तर वास राहतो आणि बाधा टळते. मिसळीतल्या मटकीचेही तसेच; भिजवून, मोड आणून, भिजवणीचे पाणी टाकून दिल्यास तिचा वातुळपणा उतरतो. आजीला हे ठाऊक होते, कारण मात्र ठाऊक नव्हते.

अशा सोडण्या-घेण्यात एक पथ्य पाळले जात नाही. सोडलेला पदार्थ दोन ते चार आठवड्यांनी परत घेऊन पाहणे, एका वेळी एकच, हा परीक्षेचा निम्मा भाग आहे. तो न केल्यास ताट वर्षागणिक आकसत जाते. नोकरदाराच्या घरात, विशेषतः शाकाहारी घरात, दूध, डाळ आणि शेंगदाणा ही मुलाच्या प्रथिनांची मुख्य बेगमी. ती एका कागदावरून काढून घेतल्यावर बदाम-काजूंनी भरपाई करण्याचा सल्ला देणाऱ्याने महिन्याचा हिशेबही सांगावा. आणि वजन घटणे, शौचावाटे रक्त, रोजचा बारीक ताप, रात्री झोपेतून उठविणारे दुखणे, किंवा पन्नाशीच्या सुमारास प्रथमच बिघडलेले पोट, ही लक्षणे असतील तर आहाराचे कसलेच प्रयोग न करता पोटविकारतज्ज्ञाला गाठले पाहिजे. आपल्या देशात आतड्याचा क्षय अजून संपलेला नाही आणि तो वावडे म्हणून महिनोन् महिने दडून राहू शकतो.

प्रयोगशाळांचे उत्तर ठरलेले असते: आमचे यंत्र अचूक आहे, आम्हांला मान्यता आहे. ते खरेही असेल. मान्यता मोजमापाच्या अचूकपणाची साक्ष देते. त्या मापाचा रोगाशी काय संबंध, हे ती सांगत नाही. पॅथॉलॉजीच्या अहवालावर त्या विषयातील पदव्युत्तर डॉक्टराचीच सही हवी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. अशी सही करणाऱ्या डॉक्टरांनी या याद्यांच्या तळाशी ‘हे प्रतिपिंड आहाराच्या ओळखीचे निदर्शक आहेत, यावरून एकही पदार्थ वर्ज्य करू नये’ एवढी ओळ छापण्याचा आग्रह धरला, तर पुष्कळ घरांतील ताटे वाचतील. तोवर अशी यादी हाती आलेल्याने पंधरा दिवसांची खाण्याची व त्रासाची टिपणवही घालावी, ती यादीसोबत डॉक्टरांपुढे ठेवावी, आणि मुलाचे दूध बंद झाले असेल तर ते अर्ध्या पेल्याने, जेवणासोबत, पुन्हा सुरू करता येईल का, हा प्रश्न त्यांना सर्वांत आधी विचारावा.